जोंधळा, नाचणी, हुलगे: नव्या स्वयंपाकघराला कुठली भांडी लागतात आणि ती कशी वापरायची

बेळगावच्या पश्चिमेला खानापूरच्या बाजूनं भात आणि नाचणी, पूर्वेला अथणी-रायबागकडं जोंधळा. शहरातल्या धान्याच्या दुकानात ही सगळी पोती शेजारी-शेजारी उभी असतात. त्यामुळं इथल्या घरात भाकरीचा तवाही लागतो आणि आंबिलीचं पातेलंही. आजवर तयार आटा आणि पॉलिशचा तांदूळ यांवर चाललेलं घर आख्ख्या धान्याकडं वळतं, तेव्हा पहिल्या पंधरवड्यातच अडतं. भाकरी तुटते, हुलगे शिजत नाहीत, मोडांना वास येतो. मग ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून पोतं कोपऱ्यात जातं आणि त्याला किडे लागतात. यात हाताचा दोष थोडा असतो. बहुतेक वेळा भांडं चुकीचं असतं, नाहीतर भांड्याची तयारी राहिलेली असते.

म्हणून भांड्यांच्या दुकानात जायच्या आधी एक काम करा. आठवड्यात भाकरी किती वेळा, उसळ किती वेळा, आंबील किती वेळा, हे कागदावर लिहा. ज्याचं नाव आठवड्यात तीनदा येतं त्याचं भांडं आधी घ्यायचं. बाकीचं दोन महिन्यांनी बघू. चार माणसांच्या घराला सुरुवातीला एवढं पुरतं: भाकरीचा तवा, परात, पाच लिटरचा कुकर, जाड बुडाचं पातेलं, रोवळी आणि एक वजनकाटा. खलबत्ता, विरजणाचं मडकं आणि आंबोळीचा तवा दुसऱ्या खेपेला.

वजनकाटा यादीत बघून नवल वाटेल. पण प्रत्येक घरची वाटी वेगळी असते, आणि ‘एक वाटी पिठाला एक वाटी पाणी’ हे मापच नव्या माणसाला पहिल्या दिवशी फसवतं. पाच किलोपर्यंत मोजणारा, एक ग्रॅम दाखवणारा साधा काटा घ्या. महिनाभरात हाताला अंदाज येतो, मग तो कपाटात जाईना का.

दुकानात विचारताना

पाट्या कन्नडमध्ये असतात आणि दुकानदार दोन्ही भाषा बोलतो, तरी गावाकडच्या आठवडी बाजारात ही नावं कामाला येतात. जोंधळा म्हणजे जोळ, नाचणी म्हणजे रागी, हुलगे म्हणजे हुरळी, मूग म्हणजे हेसरू, हरभरा म्हणजे कडले, तूर म्हणजे तोगरी, जवस म्हणजे अगसी आणि कारळे म्हणजे गुरेळ्ळू. रविवार पेठेतून मोठ्या मापानं धान्य आणायचं असेल तर जोंधळा एका वेळी दहा किलो चालतो. हातसडीचा किंवा कोंड्यासकट तांदूळ मात्र दोन-तीन किलोच आणा. त्याच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं. जुना झाला की डबा उघडताच वास कळतो.

गिरणीत

गिरण हेही आपल्या स्वयंपाकघराचंच हत्यार समजा, फक्त ते दुसऱ्याच्या दुकानात असतं. चार गोष्टी सांभाळा.

जोंधळा निवडून, सुपात पाखडून, एक-दोन तास उन्हात घालून मगच न्या. ओलसर धान्याचं पीठ लवकर बिघडतं. आपल्या आधी काय दळलं ते विचारा. हरभऱ्याच्या डाळीवर जोंधळा टाकला तर पहिलं किलोभर पीठ मिसळीचं निघतं. पीठ चाळून देऊ नका असं सांगा. कोंडा टाकायचा असेल तर आख्खं धान्य आणलं कशाला? आणि चौथी, जी सगळ्यात जास्त चुकते: गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात कोंबून झाकण लावलं की झाकणाला आतून पाणी धरतं, आणि आठ दिवसांत पिठाला कुबट वास लागतो. घरी आल्या-आल्या ते परातीत किंवा धुतलेल्या कापडावर पसरा, हाताला गार लागलं की भरा.

जोंधळ्याचं पीठ एका वेळी तीन-चार किलोच दळा. जुन्या पिठाची विरी जाते. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, ज्याच्या जोरावर भाकरी थापताना धरून राहते. पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या वर पीठ ठेवू नका. नाचणीचं पीठ जास्त टिकतं, महिनाभर बिनघोर.

घरघंटी घ्यावी का, हा प्रश्न हमखास येतो. चार माणसं रोज दोन-दोन भाकऱ्या खात असतील तर महिन्याला अठरा-वीस किलो पीठ लागतं. तेवढं दळण असेल आणि गिरण लांब असेल तर जरूर घ्या. दोघांच्या घराला ती नुसती जागा अडवते.

तवा

इथं जरा थांबू, कारण अर्धी लढाई तव्यावर आहे.

बाजारात दोन तरहेचे लोखंडी तवे मिळतात. एक जाड पत्र्याचा, ठोकून केलेला. दुसरा बिडाचा, साच्यात ओतलेला. भाकरीला पत्र्याचा घ्या: 26 ते 28 सेंटिमीटर रुंद, तीन ते चार मिलिमीटर जाड, मधे किंचित खोलगट. तो लवकर तापतो आणि आच कमी-जास्त केली की लगेच ऐकतो. बिडाचा तवा उशिरा तापतो, पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो. आंबोळी, घावन आणि दोश्याला तोच बरा. इंडक्शनची शेगडी असेल तर मात्र सपाट बुडाचा तवा लागेल. खोलगट तव्याचा मधला भागच काय तो तापेल आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतील.

दुकानात तवा बोटाच्या पेराने टिचकी मारून वाजवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठंतरी बारीक चीर आहे. बिडाचं लोखंड ठिसूळ असतं. फरशीवर पडलं किंवा तापलेलं असताना त्यावर गार पाणी ओतलं तर तडकतं, आणि तडकलेल्या बिडाला इलाज नाही.

भाकरीचा आणि आंबोळीचा तवा वेगळाच हवा, यात काटकसर करू नका. भाकरी पाण्यानं भाजतात, आंबोळी तेलानं. तेलाचा थर बसलेल्या तव्यावर भाकरी टाकली की तो थर रोजच्या पाण्यानं आणि कोरड्या आचेनं उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी आंबोळी चिकटून बसते.

पत्र्याच्या नव्या तव्याला गंज लागू नये म्हणून तेलकट लेप दिलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीनं काढा, मग मूठभर जाडं मीठ आणि चमचाभर तेल टाकून कापडानं रगडा, धुवा, लगेच गॅसवर ठेवून वाळवा. पहिल्या दोन भाकऱ्या काळपट निघतील, त्या खाऊ नका. तिसरीपासून तवा तयार.

बिडाच्या तव्याला जास्त मेहनत आहे:

1. साबणानं घासून पूर्ण धुवा. गंज असेल तर तो जाईपर्यंत घासा. गॅसवर ठेवून पाण्याचा थेंबही राहू देऊ नका.
2. तवा हाताला सोसेल इतका गरम असताना जवसाचं किंवा शेंगदाण्याचं तेल अर्धा चमचा घेऊन सगळीकडं चोळा, पाठीलाही.
3. आता कोरड्या सुती कापडानं ते तेल पुसून काढा. तव्यावर तेल उरलंच नाही असं वाटलं पाहिजे. इथंच चूक होते: तेल जास्त राहिलं की थर कडक न होता चिकट बसतो, आणि त्याला बोट लावलं की डिंकासारखं ओढलं जातं.
4. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा. दहा-बारा मिनिटं लागतात. खिडकी उघडी ठेवा.
5. गार होऊ द्या. हेच चार-पाच वेळा करा.

तापलेलं तेल लोखंडावर कडक, काळ्या पापुद्र्यासारखं बसतं, म्हणून आंबोळी सुटून येते. पहिल्या आठ दिवसांत आंबोळी टाकण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. या तव्यात चिंच, टोमॅटो, आमसूल, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी शिजवू नका. आंबट लागलं की थर उतरतो, भाजी काळी पडते आणि तोंडात लोखंडाची चव येते.

भाकरी: भांडं आणि हात एकत्र

जोंधळ्यात गव्हासारखा चिवट धागा नसतो, म्हणून पीठ नुसतं मळून धरत नाही. गरम पाण्यानं त्यातली खळ फुलते आणि ती धरून ठेवते. दोन भाकऱ्यांना 150 ग्रॅम पीठ आणि 120 ते 130 मिलिलिटर पाणी घ्या. पाणी खळखळून उकळा, चिमूटभर मीठ घाला, परातीतल्या पिठावर तीन भाग ओता, चमच्यानं कालवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. उरलेलं एक भाग पाणी मळताना हाताला लावत संपवा. तळहाताच्या टाचेनं पुढं रेटत चार-पाच मिनिटं मळा. उंडा हातात घेऊन दोन्ही तळव्यांत दाबला आणि कडेला भेगा पडल्या नाहीत, की झालं. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून आणखी दोन मिनिटं. कालवलेल्या पिठातलं एका वेळी एकाच भाकरीपुरतं मळावं. मळून ठेवलेला उंडा सुकतो.

परात स्टीलची असो वा पितळेची, तिचं बूड सपाट आणि जड हवं. हलकी परात थापताना फिरते. लाकडी काठवट मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण तिच्यात भाकरी सरकते तशी दुसऱ्या कशातच सरकत नाही. काठवट पाण्यात बुडवून ठेवायची नाही, ओल्या कापडानं पुसून उभी करून वाळवायची.

परातीत मूठभर कोरडं पीठ पसरा, उंडा ठेवा आणि बोटांच्या पेरांनी कडेनं थापत गोल फिरवा. जाडी तीन-चार मिलिमीटर, रुंदी 18 ते 20 सेंटिमीटर. मधे जाड आणि कडेला पातळ झाली तर ती फुगणार नाही, हे आताच समजा.

तवा किती तापला ते पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब चुर्रकन नाचून दोन-तीन सेकंदांत गेला की वेळ झाली. भाकरीची पिठाळलेली बाजू वर ठेवून तव्यावर टाका आणि ताबडतोब ओल्या हातानं वरून पाणी फिरवा, कोपरा न् कोपरा ओला करून. वरचं पाणी सुकत आलं पण अजून ओलावा दिसतो, त्या घडीला उलटा. अंदाजे अर्धं मिनिट. पूर्ण सुकू दिलं तर पृष्ठभागाला भेगा पडतात आणि वाफ तिथून निसटते. फार ओली असताना उलटली तर ती बाजू तव्याला चिकटते. दुसरी बाजू मिनिट-दीड मिनिट, तांबूस ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. भाकरी टम्म फुगून दोन पापुद्रे सुटले की उतरवा.

फसलीच तर कारण असं शोधा. थापतानाच तुटली: पीठ जुनं, नाहीतर पाणी पुरेसं गरम नव्हतं. अशा पिठाची उकड काढा, म्हणजे उकळत्या पाण्यातच पीठ घालून झाकण ठेवून एक वाफ आणा आणि मग मळा. तव्याला चिकटली: तवा गार. बाहेर करपली आणि आत चिकट राहिली: तवा फार तापला, आच उतरवा. नुसती फुगलीच नाही पण बाकी सगळं नीट आहे? मग खुशाल खा, चव तीच असते.

नाचणीची भाकरी याच रीतीनं होते, फक्त उकड काढूनच करा आणि थोडी जाड थापा. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 340 ते 360 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, रोजच्या कुठल्याही धान्यापेक्षा कितीतरी पट. पण ते आख्ख्या पिठात. ‘नाचणी सत्त्व’ म्हणून मिळतं ते कापडातून गाळलेलं असतं. लहान बाळाला ठीक, मोठ्यांनी कोंडा वरच्यावर फेकून द्यायचं कारण नाही.

कुकर आणि कडधान्यं

कुकरच्या झाकणाजवळ आयएसआयचं चिन्ह आणि ‘आयएस 2347’ हा क्रमांक बघून घ्या. स्टीलचा महाग पडतो, इथं ‘जर्मन’ म्हणतात तो ॲल्युमिनियमचा स्वस्त. जर्मनच्या भांड्यात आंबट आमटी किंवा ताक ठेवू नका. शिजवायचं असेल तर आत स्टीलचा डबा घाला, मग भांडणच नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे, त्यामुळं उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. कुकरमध्ये दाबाखाली ते 120 अंशांच्या जवळ जातं. हुलग्यासारख्या कडक धान्याला हा फरक फार मोठा आहे.

शिट्ट्या मोजायची सवय सोडा. शिट्टी किती लवकर होते ते आच आणि कुकरातल्या पाण्यावर अवलंबून असतं; तीच ‘चार शिट्ट्या’ एका घरी सहा मिनिटांत होतात तर दुसऱ्या घरी पंधरात. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर होऊ द्या, मग आच बारीक करून मिनिटं मोजा. रात्रभर भिजवलेला हरभरा 15 ते 20 मिनिटं. भिजवलेले हुलगे 20 ते 25. आख्खा जोंधळा, जो भातासारखा किंवा कोशिंबिरीत घालून खाता येतो, रात्रभर भिजवून 30 मिनिटं. कोंड्यासकट तांदूळ तासभर भिजवून, एकास सव्वादोन पाणी घालून, 15 ते 18 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली तर डाळीचा फेस वर येऊन नळी बंद होते.

कडधान्याचा कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि एक चमचा तेल घाला, फेस बसतो. दर वेळी झाकणाची नळी उजेडाकडं धरून आरपार दिसते का बघा. रबर कडक झालं, चिरा पडल्या, कडेनं वाफ फसफसू लागली की नवं घ्या.

तरीही हरभरा शिजत नसेल तर पाणी तपासा. बोअरचं पाणी जड असतं, त्यातला चुना धान्याच्या सालीला घट्ट करतो. भिजवायला आणि शिजवायला नळाचं पाणी वापरा, भिजवताना लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ टाका. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजल्यानंतरच. खायचा सोडा टाकला की मऊ होतं खरं, पण ब जीवनसत्त्वातलं थायमिन नासतं, आणि चवही साबणासारखी लागते.

राजम्याला वेगळा नियम आहे आणि तो पाळायलाच हवा. कच्च्या राजम्यातलं एक द्रव्य पोट बिघडवतं. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, आणि चांगला खळखळून शिजवा. कमी आचेवर तासन्‌तास ठेवायच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका, तिथं ते द्रव्य नीट मरत नाही. हुलग्याचंही भिजवलेलं पाणी टाका, शिजवलेलं मात्र राखून ठेवा. लसूण, जिरं आणि लाल तिखटाची फोडणी दिली की त्याचं सार होतं.

मोड: रोवळी आणि एक जुना पंचा

मोड आणायची प्लास्टिकची डबी विकत घेऊ नका. मटकी एक वाटी धुवून आठ तास भिजवा. वेताची रोवळी किंवा भोकाभोकाची चाळण घ्या, मटकी तिच्यात उपसून अर्धा तास तशीच तिरकी ठेवा. पाणी पूर्ण निथळलं पाहिजे. मग धुवट सुती पंचा भिजवून घट्ट पिळा, त्यात गाठोडं बांधा, रोवळीत ठेवून वर झाकण. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, पौष-माघाच्या थंडीत वीस-चोवीस तास लागतात. थंडीत गाठोडं गॅसच्या शेगडीजवळ किंवा धान्याच्या डब्यावर ठेवा. हुलगे बारा तास भिजवा आणि मोडांना एक पूर्ण दिवस द्या.

आंबट वास आला, हाताला बुळबुळीत लागलं: पाणी राहिलं. ते फेकून द्या, धुवून वापरू नका. मोड आले पण दाणे कडक राहिले: पंचा सुकला, मधे एकदा पाणी शिंपडा. सेंटिमीटरभर मोड उसळीला भरपूर झाले. मोड आलेली मटकी कुकरला लावू नका, लगदा होतो. पातेल्यात झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून बारा-पंधरा मिनिटं. ओलाव्यात आणि उबेत जंतूही वाढतात, म्हणून गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लहान मुलं यांना कच्चे मोड देऊ नयेत, वाफवूनच द्यावेत.

आंबील

जाड बुडाचं दोन लिटरचं पातेलं आणि लाकडी पळी एवढंच लागतं. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी दोन वाट्या पाणी उकळा, कालवलेलं पीठ धार धरून सोडा, हात थांबवू नका. आठ-दहा मिनिटांत रंग गडद होतो आणि वर चकाकी येते, तेव्हा शिजलं. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात आणि त्या रवीनं घुसळूनही पूर्ण मोडत नाहीत. आंबील कोमट झाल्यावरच ताक, मीठ आणि भरडलेलं जिरं घाला. गरमागरम असताना ताक ओतलं तर फाटतं.

खलबत्ता आणि मिक्सर

कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी म्हणजे इथल्या जेवणातला रोजचा मेवा, आणि ती मिक्सरात बिघडते. पातं जोरात फिरतं, तापतं, बियांचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर बिया पूर्ण गार झाल्यावर दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मधे चमच्यानं हलवा.

दगडी खलबत्ता दोन किलोच्या आसपासचा, आतून खरबरीत घ्या. नव्यात मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ घालून कुटा, करडी भुकटी निघेल, टाका. भुकटी पांढरी निघेपर्यंत हेच करत राहा. पाटा-वरवंटा घरात असेल आणि गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खरबरीत करून घ्या, गुळगुळीत पाट्यावर वाटण नुसतं सरकतं.

कारळ्याची चटणी: 100 ग्रॅम कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत चार-पाच मिनिटं भाजा, गार करा, आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चवीपुरतं मीठ घालून कुटा. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी मिरची. जवसाची भुकटी लवकर खवट होते, आठवड्यापुरतीच करा. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा डाग असलेले दाणे बेधडक टाका, भाजून बुरशीचं विष जात नाही.

चिरायला विळी किंवा सुरी, जी हाताला बसते ती. पालेभाजीला विळीसारखं काही नाही.

मडकं

खानापूरची माती जुन्यापासून कौलांना आणि भांड्यांना नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथं आहे. विरजणाला बिनचकाकीचं, आतून रंग न दिलेलं मडकं घ्या. चकचकीत रंगीत लेपात शिसं असू शकतं, तसलं भांडं शोभेला ठेवा. नवं मडकं एक पूर्ण दिवस पाण्यात बुडवा, सावलीत वाळवा, मग त्यात भाताची पेज घालून अगदी बारीक आचेवर तापवा आणि गार होऊ द्या. बारीक छिद्रं थोडी बुजतात आणि मातीचा वास जातो.

एक लिटर दूध तापवून कोमट करा. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत चटका न लागता ऊब लागली पाहिजे. दीड चमचा विरजण मडक्याच्या आतून चोळून उरलेलं दुधात कालवा. उन्हाळ्यात सहा-सात तास, थंडीत दहा-बारा. माती पाणी शोषते आणि बाहेर उडवते, म्हणून दही घट्ट लागतं आणि गारही राहतं. दूध फार गरम असेल तर विरजण मरतं आणि दही तारदार किंवा पातळ होतं.

मडक्याला साबण कधीच नाही. माती तो पिते आणि पुढच्या दह्यात सोडते. गरम पाणी, जाडं मीठ आणि काथ्या. मग कडक ऊन. एकच मडकं असेल तर आठवड्यात एक दिवस ते पूर्ण वाळू द्या, म्हणून मुळात दोन घेतलेली बरी.

पावसाळ्यात ऊन मिळत नाही. जांबोटी-कणकुंबीकडं तर आठवडे-आठवडे भिंती ओल्या असतात. मडकं चुलीजवळ किंवा गॅसच्या उबेत वाळवा, आत पांढरी बुरशी दिसली तर मीठ-पाण्यानं घासून पुन्हा पेज तापवा. आणि मिरगाच्या आधीच दोन्ही तवे घासून, तापवून, तेलाचा पुसट हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. भाकरीचा तवा रोज वापरात असेल तर भाजून झाल्यावर तो गॅसवरून न काढता तसाच निवू द्या, ओल्या ओट्यावर पालथा टाकू नका.